रांग सरळ होती

१२ फेब्रुवारी

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, टिचकीच्या पाठीत एक धपाटा. पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावून बसली असशील, पण तो राग आता गिळून टाक, कारण बातमीच तशी आहे. भाचीसाठी घोडी मिळाली.

इथल्या रेसकोर्सवर जे घोडे नकोसे होतात त्यांचं पुढे काय होतं ते मी तुला लिहीत नाही, तुला जेवण जायचं नाही. ही त्यातलीच एक. मिरी तिचं नाव. रंगाने काळी आणि स्वभावाने नावाला जागणारी. रोज सकाळी मीच तिला फिरवतो, त्यामुळे तिच्या अंगात किती वेग आहे ते मला माहीत आहे. मालकाला ते कधी दिसलंच नाही. इथे शर्यतीआधी घोड्यांना एकेका पिंजऱ्यात कोंडतात, आणि पिंजऱ्यात ती वेडीपिशी होते. मोकळ्यावर तसं होत नाही, पण तिथेही एक खोड आहे. रांगेत उभं केलं की तिला धीर निघत नाही, गर्रकन डावीकडे वळते, कधी तोंड पार मागे करते. नेमका तेव्हाच झेंडा पडला तर शेजारचा घोडा तिच्यावर आदळणार. पण थोडं थांबलं की आपली आपण सरळ होते. थांबणारा माणूस हवा, बस.

तुमच्याकडे पिंजरे नाहीत, भाऊजी आहेत. तुझ्या लग्नानंतरची पहिली शर्यत मला अजून आठवते. सगळं गाव ‘सोडा, सोडा’ करून घसा बसवत होतं आणि हा माणूस चौथऱ्यावर पांढरा झेंडा वर धरून ढिम्म. शेवटच्या घोड्याचं नाक रांगेत आल्याशिवाय हात खाली आला नाही. मिरीवर टिचकीला बसवायची हिंमत मी त्या डोळ्यांच्या भरवशावर करतोय, हे त्यांना वाचून दाखव.

पुढच्या आठवड्यात ट्रक येईल. गूळ देऊ नकोस, लाडावते.

तुझा धाकट्या

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

घोडी आली. ट्रकमधून उतरल्या उतरल्या तिने बेकरीवाल्याच्या हातातलं पावांचं ताट उडवलं आणि दोन पाव तिथेच फस्त केले. बेकरीवाला म्हणाला, गिऱ्हाईक चांगलं आहे. टिचकीने तिच्या मानेला मिठी मारली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. मला अशी मिठी कधी मारली होती ते आठवावं लागेल.

शर्यत मेच्या पहिल्या रविवारी, पण गाव आत्तापासून कामाला लागलंय. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं सध्या एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरतायत. न्हावीदादाने दुकानाबाहेर बाकडं टाकलंय आणि घोड्यांच्या आयाळी कापतोय. माणसांचे केसही त्याच कात्रीने कापतो असा माझा संशय आहे. बेकरीवाल्याने मैदानाचे खांब ह्या वर्षी स्वतः चुन्याने रंगवले, आणि नेहमीसारखे कमरेपर्यंत नाही, पार टोकापर्यंत. एवढा चुना कशाला म्हटलं तर म्हणाला, लांबून बरे दिसतात वहिनी. मास्तरांनीही एक नवं काढलंय. ह्यापुढे रांगेत येताना प्रत्येक स्वाराने आपलं नाव मोठ्याने ओरडायचं. शाळेतली हजेरी त्यांच्या डोक्यातून काही जात नाही.

बेकरीवाल्याचा थोरला ह्या वर्षीही त्यांच्या तांबड्या घोड्यावर आहे. त्याच्या आईने खिडकीचा निळा पडदा कापून त्याला नवा सदरा शिवलाय. टिचकी त्याला ‘खिडकी उघडी आहे का रे’ म्हणून चिडवते. दोघं सकाळी एकत्र घोडे फिरवायला जातात आणि यायला जरुरीपेक्षा जास्त वेळ लावतात. मी काही विचारत नाही.

हे दुकानात टिचकीचं खोगीर शिवतायत. मेण लावलेला दोरा, आरी, चामडं, आणि मांडीवर पालथं टाकलेलं खोगीर. आरीचं टोक बोटाने चाचपतात आणि टाका घालतात, टाके अगदी मापात. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. डोळ्यांच्या भरवशावरचं वाक्य आलं तेव्हा हसले आणि पुढचा टाका घातला.

एक विचारते. घोडी वळायच्या आधी काही आवाज करते का? फुरफुरते, खूर आपटते, असं काही?

ताई

१० मार्च

ताई,

आवाज करत नाही. हीच तर गंमत आहे तिची, एकदम गुपचूप काम. फक्त डावा कान मागे पडतो, पार मानेला चिकटतो, आणि मग वळते. भाऊजींना सांग, डावा कान पडलेला दिसला की हात वरच ठेवायचा. एवढी बारीक खूण लांबून ओळखणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

तुझ्या पत्रावरून मला वाटतं तू घोडीला घाबरलीस. लग्नाआधी आपल्या बकरीलाही घाबरायचीस, तेव्हा नवल नाही. पण दुसरी एक शंका आहे. दर पत्राखाली भाऊजींच्या चार ओळी असायच्या, त्या गेल्या वर्षापासून बंद झाल्या. माझ्यावर रागावलेत का? आणि आता मुलीला असली घोडी पाठवली म्हणून आणखीच? असेल तर तोंडावर सांगा म्हणावं. तुम्हा दोघांचं मनातल्या मनात ठेवायचं कसब मला जमत नाही.

मला ह्या वर्षी रजा नाही. शर्यतीचं सगळं खुलासेवार लिही.

धाकट्या

२४ मार्च

धाकट्या,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

हे रागावलेले नाहीत. ह्यांना लिहिता येत नाही, कारण लिहिलेलं दिसत नाही. दोन वर्षं झाली. समोर बघितलं की मधोमध धूर, कडेचं थोडंफार कळतं. चामडं आणायला म्हणून गेले होते तेव्हा परस्पर डॉक्टरला दाखवून आले. ह्यावर ऑपरेशन नाही असं त्याने सांगितलं. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही, कोटाच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती. मला कळलंय हे त्यांना कळलंय, पण त्यावर आमच्या घरात एक शब्द निघत नाही. मी फक्त ताटातली भाजी नेहमी एकाच बाजूला वाढते आणि कुठलीही खुर्ची हलवत नाही.

आता विचारशील, मग झेंडा कसा टाकतात. मी चौथऱ्याच्या खाली पाण्याची बाटली घेऊन उभी असते. पहिल्या वर्षी भीतीने माझा हात ह्यांच्या कोटाला लागला, नेमकी तेव्हा रांग सरळ होती, आणि ह्यांनी झेंडा टाकला. गेल्या वर्षी मी मुद्दाम कोटाचं टोक ओढलं. तेव्हाही टाकला. तेव्हापासून हीच आमची पद्धत, न बोलता ठरलेली. गावात कुणालाही माहीत नाही. ह्यांच्या वडिलांनी तोच झेंडा टाकला, त्यांच्या वडिलांनीही. रस्त्याने जाताना लोक ह्यांना थांबून नमस्कार करतात तो खोगिरांसाठी नाही. झेंडा गेला तर हा माणूस दुकानाचं दार लावून घेईल आणि पुन्हा उघडणार नाही, हे मी बायको म्हणून सांगते.

पण ह्या वर्षी रांगेत माझी मुलगी आहे, आणि तीही तुझ्या घोडीवर. मला झोप लागत नाही. तू काहीतरी कारण काढून घोडी परत बोलाव. मालकाने मागितली म्हण. टिचकी आठवडाभर रडेल, मग विसरेल.

ताई

२ एप्रिल

ताई,

पत्र फाडलं. फाडायच्या आधी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं.

घोडी मी परत बोलावणार नाही. ती इथे आली तर तिचं काय होईल ते मी लिहिलं नसलं तरी तुला कळलंय. आणि घोडी काढून घेतली तर काय होणार? टिचकी दुसऱ्या कुणाचा घोडा घेईल, कारण ती तुझी मुलगी आहे. आंधळ्या माणसाच्या हातात झेंडा राहणारच. रांगेत बाकीचीही कुणाची तरी पोरं आहेत ना?

तू डोकं गहाण टाकलंयस का? कोट ओढून शर्यत सोडतेस? भाऊजींना समोर बसव आणि सांग. त्यांच्याबद्दल मला तुझ्याइतकंच वाटतं, पण हे प्रेम नव्हे. तुला जमत नसेल तर मी शर्यतीच्या कमिटीला लिहितो.

धाकट्या

११ एप्रिल

धाकट्या,

कमिटीला लिहू नकोस. तुझ्या पाया पडते असं समज.

काल सांगायचं म्हणून दुकानात गेले. खोगीर तयार झालंय. ह्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “शिवण बघ.” मी बघितली. त्याच्या कडेला टिचकीसाठी छोटी वेल काढलीय, बोटांनी चाचपडत, एक पान वाकडं झालंय. म्हणाले, “ह्या वर्षी माझी पोर रांगेत असणार आणि झेंडा माझ्या हातात. वडील असते तर बघून सुखावले असते.” मी म्हटलं, “हो.” तोंडात आलेलं सगळं तिथेच विरघळलं.

मी असं ठरवलंय. मिरीला रांगेच्या टोकाला, माझ्या बाजूला उभं करायचं, म्हणजे तिचा डावा कान मला दिसेल. तो सरळ असल्याशिवाय मी कोटाला बोट लावणार नाही, मग सगळं गाव ओरडून मेलं तरी चालेल. आईची नजर आहे, कुठल्याही झेंडेवाल्यापेक्षा ती पक्की. आणि शर्यत झाली की त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगेन, हा शेवटचा झेंडा. एवढी एक शर्यत पार पडू दे.

ताई

१९ एप्रिल

ताई,

मला हे पटलेलं नाही. पण तू शेवटचा म्हणतेस म्हणून गप्प बसतो. कमिटीला लिहिलेलं पाकीट टेबलावर आहे, त्यावर तिकीट लावलेलं नाही.

मिरीला सकाळी हलकंच फिरवा. आणि तिच्या डाव्या अंगाला कुणी नको, मोकळी जागा ठेवा. हे टिचकीला दोनदा सांग.

धाकट्या

९ मे

धाकट्या,

टिचकी जिवंत आहे. मांडीचं हाड मोडलंय, दवाखान्यात आहे.

बेकरीवाल्याचा थोरला गेला.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. तो मुद्दाम टिचकीच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला, गंमत म्हणून. तिने त्याला लांब हो म्हणून सांगितलं, तो हसला. मिरीचा कान पडला, ती वळली. मी बघत होते. मी कोटाला हात लावला नव्हता. देवाशपथ सांगते, मी हात लावला नव्हता. तरी झेंडा पडला.

त्याच्या अंगावर घालायला तिथे दुसरं काही नव्हतं, म्हणून झेंडाच घातला.

ताई

२० मे

ताई,

मी यायला निघालो होतो, तेवढ्यात कमिटीचं पत्र आलं. ते लिहितात, घोडी खोडकर होती आणि ती आमच्याकडे पाठवायला नको होती. दुसऱ्याच दिवशी तिला गोळी घातली असंही लिहिलंय, जसं काही मी त्यांचे आभार मानीन. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. न्हाव्याची, मास्तरांची. बेकरीवाल्याचीसुद्धा. झेंड्याबद्दल एक अक्षर नाही.

ती वळते हे मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ताई, मी आता कुणावर ओरडत नाही, तेवढं त्राण नाही. पाकिटाला तिकीट लावलं असतं तर, एवढंच डोक्यात फिरतं.

तू हात लावला नव्हतास, मग त्यांनी झेंडा का टाकला? त्यांना विचारलंस का? आणि त्यांना सांगितलंस का?

धाकट्या

५ जून

धाकट्या,

विचारलं नाही. सांगितलंही नाही. का ते वाच, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

न्हावीदादा टिचकीला बघायला दवाखान्यात आला होता. बाहेरच्या बाकावर बसून घळाघळा रडला. म्हणाला, “वहिनी, मी खाकरलो. माझ्या बाजूची रांग सरळ होती, म्हणून मी खाकरलो.” मला आधी अर्थच लागेना. मग त्याने सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून तो चौथऱ्याच्या मागे उभा राहून, घोडे सरळ झाले की खाकरतो. दाढी करताना त्याच्या लक्षात आलं होतं की आरसा पुढे धरला तरी हे आरशात बघत नाहीत. त्याला वाटायचं, हे फक्त त्याला एकट्याला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला माझ्या बाजूचे घोडे दिसत नाहीत, मला त्याच्या बाजूचे दिसत नाहीत. आधी तो खाकरायचा, मग मी कोट ओढायचे, हे आता मला आठवतंय. पण नुसत्या खाकरण्यावर ह्यांनी कधी झेंडा टाकलेला नाही. माझ्यासाठी थांबायचे. ह्याच वेळी का थांबले नाहीत, ते मला कळत नाही.

मग मी एकेकाचं आठवत गेले. मास्तरांनी स्वारांना नावं ओरडायला लावली होती. बेकरीवाल्याने खांब पार टोकापर्यंत रंगवले होते. धाकट्या, सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच सांभाळून घेतोय.

आणि आता सगळे घरी येतात. एकेकटे येतात, चपला काढून ह्यांच्यासमोर बसतात आणि म्हणतात, “रांग सरळ होती. मी डोळ्यांनी बघितली. घोडी नंतर वळली.” मास्तर म्हणाले. न्हावीदादा तर मला रडून दाखवून गेला, आणि घरी येऊन ह्यांना तेच म्हणाला. तेराव्यानंतर बेकरीवाला आला. ह्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, “तुमची काही चूक नाही. रांग सरळ होती.” ज्याचा मुलगा गेला तो असं म्हणाला. रांग वाकडी होती म्हटलं तर सगळं माहीत असून आपणच पोराला घोड्यावर चढवलं, असं त्याला म्हणावं लागेल.

काल टिचकीला घरी आणलं. ह्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून तिला विचारलं. ती घोडीवर होती, झेंडा पडायच्या आधीच घोडीसकट तिचं तोंड मागे वळलं होतं, तिला सगळं दिसलं होतं. भिंतीकडे बघून ती म्हणाली, “रांग सरळ होती बाबा.”

ह्यांनी जेवायला सुरुवात केलीय. आता मी तोंड कसं उघडू?

ताई

२ जुलै

ताई,

तू तोंड उघडलं नाहीस तर पुढच्या वर्षीही शर्यत होणार आहे. एवढंच लिहितो.

धाकट्या

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी एवढी पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. लिहिण्यासारखं असं काही घरात घडतच नव्हतं. टिचकी काठी घेऊन चालते. तबेल्याकडे जात नाही. खोगीर दुकानात खुंटीवर आहे. गावात कुणी त्या दिवसाबद्दल बोलत नाही, पण ह्यांच्याशी सगळे पूर्वीपेक्षा गोड बोलतात. त्या गोडव्याची मला भीती वाटायला लागली होती. खांबांना परत चुना लागला तेव्हा मला कळून चुकलं की हे लोक पुन्हा येणार.

काल संध्याकाळी आले. न्हावीदादा, मास्तर, बेकरीवाला आणि त्याची बायको. ती अपघातानंतर पहिल्यांदाच आमच्या घरी आली होती. बारीक झालीय, ओळखू येत नाही. मी सरबत केलं. मास्तर म्हणाले की शर्यत बंद पडली तर गावात काही उरणार नाही, आणि झेंडा दुसऱ्या कुणाच्या हातात शोभणार नाही. जुना झेंडा त्या मुलाबरोबर गेला, म्हणून त्याच्या आईने नवा शिवून आणला होता. तिने तो स्वतः ह्यांच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, “भाऊ, त्याचाही हात लागू दे शर्यतीला.”

तो त्याचा सदरा होता. शिवण उसवून, चौकोनी कापून, कड घातलेला. तोच निळा.

ह्यांनी कापड चाचपलं, कड बोटाने तपासली आणि म्हणाले, “सुरेख शिवलाय वहिनी. आणि पांढराशुभ्र आहे, अगदी पहिल्यासारखा.”

बेकरीवाल्याची बायको ह्यांच्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असेल, आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात बेकरीवाला घाईघाईने म्हणाला, “हो, हो, पांढराच.” न्हावीदादा खाकरला. मास्तर म्हणाले, “वा, पांढराशुभ्र.” ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्या गावात तिला एकटीला कुणी काही सांगितलेलं नाही. घोडीच वाईट होती असं ती इतके महिने समजत होती. तिचा नवरा तिच्या शेजारी झोपत होता आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

मी सरबताचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, “निळा आहे हो तो. तिच्या मुलाचा सदरा आहे.”

ती उठली, ह्यांच्या मांडीवरून कापड उचललं, घडी घातली, पदराखाली घेतलं. नवऱ्याला एवढंच म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं.” विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग एकटीच बाहेर पडली. तो तिच्यामागे गेला नाही. बराच वेळ आमच्या खुर्चीत बसून राहिला, मग बाकीच्या दोघांनी त्याला नेलं.

दार लावून मी ह्यांच्याजवळ बसले. त्यांनी विचारलं, “रांग सरळ होती का?”

मी म्हटलं, “नव्हती.”

“मग तू कोट का ओढलास?”

“मी नाही ओढला.”

“ओढलास. मला कळलं ना. मी तुझीच वाट बघत होतो.”

धाकट्या, तेव्हा मला कळलं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “वारा होता हो तो.”

ताई